एका फेरीचा चित्रपट

मास्तर निवृत्त झाला तरी त्याच्याकडे प्रश्न घेऊन येणारीं मुलें कांहीं निवृत्त होत नाहींत. गेल्या पावसाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी असाच घरीं आला. गणितांत तो बेताचाच होता. परंतु चित्रें काढण्यांत वर्गांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सध्यां तो चित्रपटकलेचें शिक्षण घेत आहे. अखेरच्या वर्षीं प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः एक लघुपट तयार करून दाखवावा लागतो, आणि त्यासाठीं त्यानें विषय निवडला होता मोटारींची शर्यत. 'गुरुजी, तुम्ही आम्हांला विज्ञान शिकवीत होतां. वेग पडद्यावर कसा आणावा, तेवढें सांगा,' असें म्हणून त्यानें आपली योजना माझ्यापुढें ठेवली. योजना अशी होती: गांवाबाहेर जो नवा रुंद रस्ता झाला आहे, त्यावर पहाटे पांच वाजतां दोघां मित्रांनीं आपल्या मोटारी जितक्या जोरानें हांकतां येतील तितक्या हांकावयाच्या, आणि यानें तिसऱ्या मोटारीच्या टपावरील खिडकींतून कंबरेपर्यंत बाहेर निघून कॅमेरा चालवावयाचा!

मी त्याच्यावर लगेच रागावलों नाहीं. पस्तीस वर्षें मुलांत काढल्यावर एवढें कळतें कीं, 'करूं नको' या शब्दांनीं कोणताहि मुलगा थांबत नाहीं. 'असें करण्याची गरजच नाहीं' हें पटलें, तरच तो थांबतो. तें पटविण्यासाठीं मीं त्याला दुसऱ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. तीच आज आपणांस सांगणार आहें.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत मोडेस्टो नांवाचें एक गांव आहे. तेथें जॉर्ज ल्यूकस नांवाचा एक मुलगा वाढला. पुढें 'स्टार वॉर्स' या १९७७ च्या चित्रपटामुळें ज्याचें नांव जगभर झालें, तोच हा. परंतु मी सांगतों तो काळ त्याच्या कीर्तीच्या फार अगोदरचा आहे. त्या वेळीं या मुलाला वेड होतें तें मोटारींचें. शर्यतींत मोटार हांकणारा चालक व्हावें, ही त्याची महत्त्वाकांक्षा. शाळा संपण्यास अवघे कांहीं दिवस उरले असतां, ता. १२ जून १९६२ रोजीं, तो आपली चिमुकली बियांकिना मोटार घेऊन घरीं येत होता. घराकडे वळतांना दुसऱ्या मोटारीची धडक बसली. बियांकिना कोलांट्या खात अक्रोडाच्या एका झाडावर जाऊन आदळली. मुलानें कमरेला पट्टा बांधलेला होता. तो ऐन वेळीं तुटला आणि मुलगा बाहेर फेंकला गेला. मोटारीचा चुराडा झाला, मुलगा वांचला. येथेंच एक इशारा देऊन ठेवतों. पट्टा तुटल्यामुळें माणूस वांचणें हा विरळा योगायोग होय. पट्टा न तुटल्यामुळें वांचलेल्यांची गणतीच नाहीं.

या अपघातानंतर चालक होण्याचा नाद त्यानें सोडला. मोटारींवरचें प्रेम मात्र सुटलें नाहीं. तो शर्यतींच्या ठिकाणीं जाऊन छायाचित्रें घेऊं लागला, आणि पुढें लॉस एंजलिस येथील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांत चित्रपटकलेचा विद्यार्थी झाला. तेथें १९६६ सालीं अखेरचा प्रकल्प म्हणून त्यानें जो लघुपट केला, त्याचें नांव मोठें विलक्षण आहे. '१:४२.०८' या आंकड्यांनींच तो ओळखला जातो. एक मिनिट, बेचाळीस सेकंद आणि सेकंदाच्या शंभर भागांपैकीं आठ भाग. एका मोटारीला शर्यतमार्गाची एक फेरी पुरी करण्यास लागलेला हा वेळ आहे.

या लघुपटांत रूढ अर्थानें कथा नाहीं आणि कोणी कांहीं समजावून सांगत नाहीं. लोटस २३ जातीची एक पिवळी मोटार आहे, ती हांकणारा एक मनुष्य आहे आणि यंत्राचा आवाज आहे. सारा खेळ आठ मिनिटांच्या आंत संपतो. तो १६ मिलिमीटरच्या रंगीत फिल्मवर घेतलेला असून काम करणारीं माणसें म्हणजे अवघे चौदा विद्यार्थी. मोटार हांकली पीटर ब्रॉक यानें. हा ब्रॉक कांहीं नवशिका नव्हे. शेल्बी डेटोना कूप या प्रसिद्ध शर्यती मोटारीची आकृति त्यानेंच रेखाटली होती, आणि तिनें १९६५ सालीं आपल्या वर्गाचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें होतें. चित्रीकरणाची जागा होती विलो स्प्रिंग्ज. लॉस एंजलिसच्या उत्तरेस मोहावे नांवाच्या वाळवंटांत रोझामंड गांवाजवळ हा शर्यतमार्ग १९५३ सालीं सुरू झाला. त्याची लांबी अडीच मैल आणि त्याला वळणें नऊ.

आतां मास्तराला आंकडे दिसले कीं त्रैराशिक मांडल्याशिवाय त्याला राहवत नाहीं. अडीच मैल म्हणजे सुमारें ४ किलोमीटर. तें अंतर १०२.०८ सेकंदांत कापलें, म्हणजे सरासरी वेग ताशीं सुमारें १४२ किलोमीटर, अथवा सेकंदाला ३९ मीटरांहून थोडा अधिक. चित्रपटाचा कॅमेरा सेकंदाला २४ चित्रें घेतो. म्हणजे एक चित्र घेऊन दुसरें घेईपर्यंत मोटार १ मीटर ६४ सेंटिमीटर पुढें जाते. साधारण एका माणसाच्या उंचीइतकी! सबंध फेरींत होतात सुमारें २,४५० चित्रें. १६ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटांत ४० चित्रें मावतात. म्हणून एका फेरीला सुमारें ६१ फूट फिल्म लागते, आणि १०० फुटांचें रीळ पावणेतीन मिनिटांत संपतें. हा हिशेब विद्यार्थ्याला तोंडपाठ हवा असे, कारण फिल्मच्या प्रत्येक फुटाला पैसे मोजावे लागत. आजच्या कॅमेऱ्यांत फिल्म नसते, म्हणून मुलें तासन्‌तास चित्रण करीत बसतात, आणि मग जोडणीला बसल्यावर त्या ढिगांतून काय निवडावें हें त्यांना कळत नाहीं. फिल्म गेली तरी हिशेब जाऊं देऊं नये.

या योजनेंतील शहाणपण मला सर्वांत मोलाचें वाटतें. शर्यत म्हटली कीं पंधरा-वीस मोटारी, हजारों प्रेक्षक, धूळ, गर्दी आणि गोंधळ. त्यांतील एकहि गोष्ट विद्यार्थ्याच्या हातांतली नसते. मोटार हवी तेथें थांबवितां येत नाहीं, बिघडलेलें दृश्य पुन्हां घेतां येत नाहीं. ल्यूकसनें शर्यत ठेवली, पण प्रतिस्पर्धी काढून टाकला. मनुष्याची स्पर्धा घड्याळाशीं लावून दिली. त्यामुळें मोटार एकच पुरली, चालक एकच पुरला, आणि मार्ग मोकळा मिळाला. शिवाय जें नाट्य हवें होतें तेंहि हातीं आलें. कारण घड्याळाशीं झगडणारा मनुष्य एकटाच असतो, आणि एकट्या मनुष्याकडे आपण अधिक लक्ष लावून पाहतों. कॅनडांतील कांहीं लघुपटांचा त्याच्या मनावर ठसा होता. त्यांपैकीं ज्यां-क्लोद लाब्रेक याचा १९६५ चा लघुपट तर सायकलींच्या शर्यतीवरच होता. थोडक्यांत कसें सांगावें, हें तो अशा कृतींकडून शिकला.

विरोध पाहा कसा! त्याच सुमारास त्याच विलो स्प्रिंग्ज येथें या विद्यार्थ्यांना हॉलीवुडची एक मोठी मंडळी भेटली. जॉन फ्रँकेनहायमर या दिग्दर्शकाच्या 'ग्रां प्री' नांवाच्या भव्य चित्रपटाची तयारी चालू होती, आणि त्याचा नायक जेम्स गार्नर शर्यती मोटार हांकण्याचे धडे घेत होता. तो चित्रपट १९६६ च्या अखेरीस प्रकाशित झाला; त्याला संकलन, ध्वनि आणि ध्वनिपरिणाम अशीं तीन ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. एकीकडे हें वैभव, आणि दुसरीकडे चौदा विद्यार्थी व एक मोटार. परंतु दोघांपुढें प्रश्न एकच होता, आणि तोच माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न: वेग पडद्यावर कसा आणावा?

याचें खरें उत्तर असें कीं, वेग मुळीं दिसतच नाहीं. दिसतो तो दोन वस्तूंमधील फरक. दादरहून सुटलेल्या दोन लोकलगाड्या शेजारच्या रुळांवरून सारख्या वेगानें धांवूं लागल्या, म्हणजे पलीकडच्या डब्यांतला मनुष्य आपणांस स्थिर बसलेला दिसतो. मधून एखादा खांब सर्रकन्‌ गेला, म्हणजेच आपण धांवत आहोंत हें ध्यानांत येतें. पडद्यावरचें तत्त्व हेंच. मोटारीला वेग असून भागत नाहीं. तिच्यापुढून किंवा मागून जाणारा 'खांब' असावा लागतो. मोकळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर ताशीं दोनशें किलोमीटरनें जाणारी मोटार रेंगाळल्यासारखी वाटते. आणि झाडें, कठडे, टायरांच्या राशी यांच्या जवळून साठाच्या वेगानें जाणारी मोटार अंगावर कांटा आणते.

या बाबतींत माझी स्वतःची एक फजिती सांगण्यासारखी आहे. शाळेच्या क्रीडामहोत्सवांत शंभर मीटरच्या शर्यतीचें छायाचित्र घेण्याचें काम एकदां माझ्याकडे आलें. चित्र स्वच्छ यावें म्हणून मीं कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतीच उघडेल अशी योजना केली. चित्र फारच स्वच्छ आलें! पहिला आलेला मुलगा एका पायावर उभा राहून कवाईत करीत असावा असा दिसत होता. मुलें हंसलीं, पण मला धडा मिळाला. गतीची खूण म्हणजे किंचित्‌ अस्पष्टता. ती पुसली कीं गति मरते.

चित्रपटाच्या कॅमेऱ्यांत ही झडप सामान्यतः सेकंदाच्या ४८ व्या भागापुरती उघडी असते. वर सांगितलेल्या वेगानें लोटस मोटार तेवढ्या अवधींत ८२ सेंटिमीटर सरकते. कॅमेरा स्थिर ठेवला, तर मोटारीचा नुसता पिवळा पट्टा उमटेल. म्हणून कॅमेरा तिपाईवर ठेवून मोटारीबरोबर सारख्या गतीनें फिरवितात. मग मोटार स्पष्ट राहते आणि मागील झाडें, कुंपणें हीं आडव्या रेषांत विरघळून जातात. हें फिरविणें हातांत बसावें लागतें. त्यासाठीं मोटार नसतांना रस्त्यावरच्या सायकलींवर सराव केला तरी चालतो. मोटार समोर येण्यापूर्वींच फिरवूं लागावें आणि ती निघून गेल्यावरहि क्षणभर फिरवीत राहावें. नाहींतर मध्येंच हिसका बसतो.

दुसरी गोष्ट भिंगांची. दूरचें जवळ आणणारें भिंग लावून समोरून येणाऱ्या मोटारीकडे पाहिलें, तर ती कितीहि वेगानें येत असली तरी जागच्या जागीं थरथरत असल्यासारखी वाटते, कारण त्या भिंगांत मागचें-पुढचें अंतर दबून जातें. मार्गावरची ऊन हवा लाटांसारखी हालते ती याच भिंगांतून सुंदर दिसते. याच्या उलट, विस्तृत दृश्य टिपणारें भिंग जमिनीलगत ठेवलें, तर दूरची ठिपक्याएवढी मोटार पाहतां पाहतां पडदा व्यापून टाकते, आणि रस्ता खालून नदीसारखा वाहूं लागतो. पहिल्यानें वाट पाहण्याची हुरहूर येते, दुसऱ्यानें वेगाचा धक्का बसतो. शहाणा दिग्दर्शक दोहोंची आळीपाळीनें योजना करतो.

तिसरी युक्ति फार जुनी आहे. कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजीं १८ चित्रें घेईल असा सावकाश चालवावा आणि पडद्यावर मात्र २४ च्या गतीनें दाखवावें. म्हणजे मोटारीचा वेग एकतृतीयांशानें वाढलेला दिसतो. हेंच तत्त्व पराकोटीला नेऊन आपल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१२ च्या सुमारास वाटाण्याचा वेल उगवून वाढतांना पडद्यावर दाखविला होता. दिवसांची वाढ त्यांनीं क्षणांत आणली. परंतु वाटाण्याला जें शोभलें तें मोटारीला नेहमींच शोभतें असें नाहीं. मोटारीजवळ माणसें असलीं तर तीं बाहुल्यांसारखीं टुणटुणूं लागतात, उडालेली धूळ झपकन्‌ खालीं बसते, आणि प्रेक्षकाला लबाडी कळते. म्हणून ही युक्ति मीठासारखी चिमूटभरच वापरावी.

पण वेगाचें अर्धें काम डोळ्यांचें नसून कानांचें आहे. मोटार जवळ येतांना तिचा स्वर चढा ऐकूं येतो आणि ओलांडून जातांच एकदम उतरतो. रेल्वेच्या फाटकाशीं उभें राहून शिटी ऐकणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. शास्त्रांत याला डॉप्लरचा परिणाम म्हणतात. आवाजाच्या लाटा पुढच्या बाजूला दाटतात आणि मागच्या बाजूला विरळ होतात, म्हणून हा फरक पडतो. ताशीं १४२ किलोमीटरच्या वेगाचा हिशेब केला, तर येतांनाचा व जातांनाचा स्वर यांत जवळ जवळ चार अर्धस्वरांचें अंतर पडतें. गायनाच्या भाषेंत सांगावयाचें, तर मोटार शुद्ध गांधार लावून येते आणि आपल्यासमोरून जातां जातां षड्जावर उतरते! ल्यूकसच्या लघुपटांत यंत्राचा आवाज हाच मुख्य ध्वनि आहे, तो उगीच नव्हे. कोठें यंत्र ओरडतें, कोठें वळणापूर्वीं दम टाकतें, कोठें पुन्हां जोर घेतें, यावरूनच प्रेक्षकाला मार्गाचा आकार कळतो.

आवाजाचें सामर्थ्य किती, याचा एक मासला ऐका. क्लोद ललूश या फ्रेंच दिग्दर्शकानें १९७६ सालीं पॅरिसच्या रस्त्यांतून भल्या पहाटे मोटार भरधांव हांकून सुमारें आठ मिनिटांचा एक सलग लघुपट घेतला. मोटार दिसत नाहीं. पुढें बांधलेल्या कॅमेऱ्यानें पाहिलेला रस्ता दिसतो, आणि शर्यती यंत्राची गर्जना ऐकूं येते. लोकांना वाटे, ही फेरारी असली पाहिजे. पुढें दिग्दर्शकानेंच सांगितलें कीं, मोटार होती मर्सिडीज, आणि फेरारीचा आवाज मागाहून जोडला होता. म्हणजे जो थरार लोकांना वाटला, त्यांतला मोठा वाटा कानांनीं दिलेला होता. मात्र त्या पहाटे त्या मोटारीनें तांबडे दिवे ओलांडले, आणि रस्त्यांत साधीं माणसें होतीं. कोणास इजा झाली नाहीं हें त्या शहराचें भाग्य. दिग्दर्शकाचें कौशल्य नव्हे. माझ्या विद्यार्थ्यानें हा लघुपट पाहिलेला होता, आणि त्याची पहाट पांचची वेळ कोठून आली हें मला तेव्हां उमगलें.

आतां योजनेकडे वळूं. असा लघुपट प्रथम कागदावर धांवला पाहिजे. शर्यतमार्गाचा नकाशा काढावा, प्रत्येक वळणाला आंकडा द्यावा, आणि सकाळीं नऊ, दुपारीं बारा व सायंकाळीं चार वाजतां ऊन कोणत्या बाजूनें येतें तें स्वतः पाहून लिहावें. एकाच फेरींतलीं म्हणून दाखवावयाचीं दृश्यें कांहीं सकाळीं आणि कांहीं सायंकाळीं घेतलीं, तर सांवल्या उघड चुगली करतात. मग कॅमेऱ्याच्या जागा ठरवाव्या. येथें एक नियम न मोडण्याजोगा आहे. मोटार पडद्यावर डावीकडून उजवीकडे जात असेल, तर पुढच्या दृश्यांतहि ती तशीच गेली पाहिजे. छायाचित्रकार नकळत मार्गाच्या पलीकडच्या बाजूला गेला, तर मोटार उलटी फिरून घरीं निघाली आहे असें प्रेक्षकाला वाटेल. बाजू बदलावयाचीच असेल, तर मध्यें समोरून येणाऱ्या मोटारीचें, किंवा चालकाच्या डोळ्यांचें एखादें दृश्य घालावें; म्हणजे प्रेक्षक बाजू विसरतो.

त्यानंतर दृश्यांची यादी. चालत्या मोटारीचीं दृश्यें निराळीं काढावीं आणि उभ्या मोटारीचीं निराळीं. हातमोजे घालणारे हात, चढत जाणारा कांटा, आंसावरील चाक, आरशांत दिसणारे डोळे, घड्याळावरील अंगठा: यांतलें पुष्कळसें मोटार उभी असतांना, कोणतीहि घाई न करतां घेतां येतें. नवशिक्याला हें खोटें वाटतें. पण जोडणींत धांवत्या मोटारीच्या दोन दृश्यांमध्यें असें एक दृश्य बसलें, कीं तेंहि धांवूं लागतें. आवाज वेगळाच ध्वनिमुद्रित करावा. धांवत्या मोटारीवर लावलेल्या ध्वनिग्राहकांत वारा भरतो. म्हणून वळणापाशीं, सरळ मार्गापाशीं आणि यंत्राजवळ, असा तीन ठिकाणीं निवांतपणें घ्यावा.

शेवटीं संकलन. खरी फेरी १०२ सेकंदांची आणि लघुपट तिच्या चौपटीहून मोठा; म्हणजे काळ ताणणें व आंखडणें हें संकलकाच्या कात्रीचें काम आहे. आरंभीं लांब दृश्यें ठेवून पुढें तीं क्रमाक्रमानें तोकडीं करीत नेलीं, तर मोटारीचा वेग तोच असूनहि तो वाढत असल्याचा भास होतो. आणि सारखीच घाई केली, तर मात्र प्रेक्षक कंटाळतो. कीर्तनकार चढाच्या आधीं जसा क्षणभर थांबतो, तसें अशा चित्रपटांतहि एखादें थांबलेलें दृश्य हवें.

श्रोतेहो, आतां जी गोष्ट मीं सर्वांत शेवटीं ठेवली आहे, तीच सर्वांत पहिली आहे. 'ल मान' या १९७१ च्या चित्रपटासाठीं तर १९७० च्या खऱ्याखुऱ्या चोवीस तासांच्या शर्यतींत एक पोर्शे मोटार तीन कॅमेरे लादून उतरविली होती. फिल्म बदलण्यासाठीं वारंवार थांबावें लागल्यानें तिचें अंतर कमी भरलें, आणि अधिकृत निकालांत तिला स्थान मिळालें नाहीं. तेवढ्यावर भागलें असतें तर ठीक होतें. पुढें त्याच चित्रपटाच्या चित्रीकरणांत डेव्हिड पायपर या मुरलेल्या इंग्रज चालकाची मोटार अपघातांत सांपडली, आणि त्याचा एक पाय गुडघ्याखालीं गमवावा लागला. बंद मार्ग, निष्णात चालक, पाण्यासारखा पैसा. एवढें असूनहि हें घडलें. मग गांवाबाहेरचा रस्ता आणि हौशी मित्र यांच्या हातून काय घडेल?

पुन्हां हिशेब करूं. धोका दिसल्यापासून पाय हालेपर्यंत माणसाला सुमारें पाऊण सेकंद लागतो. १४२ च्या वेगानें तेवढ्यांत मोटार ३० मीटर पुढें गेलेली असते. आणि ब्रेक तर अजून लागावयाचाच असतो. शिवाय ज्याचा डोळा कॅमेऱ्याला लागला आहे, त्याला पाऊण सेकंदहि मिळत नाहीं, कारण त्याला चौकटीबाहेरचें कांहीं दिसतच नाहीं. म्हणून अनुभवी मंडळी छायाचित्रकाराशेजारीं एक माणूस केवळ मार्गाकडे पाहण्यासाठीं उभा करतात. त्याचा हात याच्या खांद्यावर असतो, आणि खांदा ओढला कीं कॅमेरा टाकून पळावयाचें, एवढा एकच नियम असतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कोणीं उभें राहूं नये. सुटलेली मोटार सरळ रेषेंत तिकडेच जाते. मोटारीवर बांधलेल्या कॅमेऱ्याला दुसरी वेगळी दोरी असावी, आणि मोटारीवर माणूस तर कधींच बांधूं नये. अग्निशामक नळकांडें, प्रथमोपचार, खुणेचीं निशाणें आणि मार्गाच्या मालकाची लेखी परवानगी यांचा समावेश दृश्यांच्या यादींत पहिल्या ओळीवर असावा.

आतां हें सर्व त्या मुलाला सांगून झाल्यावर मीं त्याला एकच प्रश्न विचारला: 'वेग जर पार्श्वभूमीनें, भिंगानें, कानानें आणि कात्रीनें निर्माण होत असेल, तर तुझ्या मित्रांनीं जीव धोक्यांत घालून त्यांत भर ती कोणती टाकावयाची?' तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, 'गुरुजी, पण मला खरी मोटार हवी.' मीं म्हटलें, 'ती घे कीं! पण तिला बंद मार्ग दे.' आपल्या देशांत चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथें आणि कोइमतूरजवळ चेट्टिपाळयम येथें बांधलेले शर्यतमार्ग आहेत. तेवढी ऐपत नसेल, तर मोठ्या शहरांच्या आसपास लहान कार्ट गाड्यांचे मार्ग असतात. कार्ट जमिनीला चिकटून धांवते. तिच्या नाकाशीं कॅमेरा बसविला, तर पन्नास किलोमीटरचा वेग पडद्यावर दीडशेंसारखा भासूं शकतो.

गेल्या महिन्यांत तो पुन्हां आला, तेव्हां त्याच्या वहींत एका कार्टमार्गाचा नकाशा होता. वळणांना आंकडे घातलेले, उन्हाचे बाण काढलेले, आणि दृश्यांच्या यादींत पहिल्या ओळीवर अग्निशामक नळकांडें. त्याच्या दोघां मित्रांपैकीं एक आतां कार्ट हांकणार आहे. दुसरा छायाचित्रकाराच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहणार आहे. कागदाच्या कोपऱ्यांत गणितहि मांडलेलें होतें, आणि या खेपेला तें बरोबर होतें.

आपल्या घरांतहि असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. हल्लीं कॅमेरा प्रत्येकाच्या खिशांत असतो, आणि मोटारसायकलीवरून दुसऱ्या मोटारसायकलीचें चित्रण करणारीं मुलें मी रोज पाहतों. त्यांच्या हातून कॅमेरा काढून घेऊं नका. त्यांच्याजवळ बसून कागद व पेन्सिल पुढें ओढा आणि विचारा, 'तुला नेमकें काय दाखवावयाचें आहे?' १९६२ मध्यें एक मुलगा मोटारीबाहेर फेंकला गेला, आणि चार वर्षांनीं तोच मुलगा मार्गाच्या कडेला उभा राहून दुसऱ्या माणसाची एक फेरी मोजीत होता. वेगाचें वेड त्याला तेंच होतें. फक्त तें आतां त्याच्या ताब्यांत आलें होतें.